वाचकांचे प्रश्न: लॉन ट्रॅक्टर घेताय? आधी खाली वाकून बघा

मंडळी, गवत वाढायला लागलं की आमच्याकडे येणारी पत्रंही वाढतात आणि यावेळी तर अर्ध्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत, बसून चालवायचं गवत कापायचं मशीन नवीन घ्यायचंय, कुठलं घेऊ. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सारखी होती ती एकत्र केलीत. पहिलं उत्तर जरा लांबलंय पण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत, त्यामुळे ते सोडून खाली उडी मारू नका.

प्रश्न: आमची साधारण दोन एकर हिरवळ आहे, मधे मधे झाडं, एका बाजूला उतार. जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स गेला आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून नवीनच घ्यायचं ठरवलं. आता तीन मशीनवर येऊन अडकलोय. एक ४२ इंची डेकवालं (डेक म्हणजे ब्लेड ज्याखाली फिरतात ते पत्र्याचं झाकण), सिंगल सिलेंडर. दुसरं ४८ इंची, व्ही-ट्विन म्हणजे दोन सिलेंडरचं, २४ एचपी. तिसरं झिरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारं. दुकानदार एचपी बघून दुसरं घ्या म्हणतो, मेहुणा म्हणतो झिरो-टर्न सोडून काही घेऊच नका. तुलना नक्की कशावरून करायची?

मेहुण्याचं शेवटी बघू. आधी तो एचपीचा आकडा बाजूला ठेवा. बॉनेटवर मोठ्या अक्षरात छापलेला असतो म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं, पण हा आकडा बहुतेक वेळा उघड्या इंजिनवर मोजलेला असतो, म्हणजे सायलेन्सर नाही, एअर फिल्टर नाही, असं इंजिन टेबलावर चालवून. प्रत्यक्ष मशीनमध्ये बसल्यावर त्यातलं काही कमी होतंच. अमेरिकेत यावरून मोठा दावा लागला होता, गवत कापायच्या मशीनच्या इंजिनांची ताकद फुगवून सांगतात म्हणून, आणि २०१० मध्ये तो तडजोडीने मिटला. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी एचपीऐवजी सीसी आणि टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर लिहिलेलं दिसतं. तुम्ही पण तेच बघा. सिंगल सिलेंडर साधारण ५०० सीसीच्या आसपास असतं आणि व्ही-ट्विन ६५० ते ७२५ सीसीच्या दरम्यान. ४२ इंची डेक ओढायला चांगलं सिंगल सिलेंडर पुरतं, उगाच घाबरू नका. व्ही-ट्विनचा खरा फायदा म्हणजे हादरे कमी आणि दाट ओल्या गवतात इंजिन दबत नाही, दोन एकराला दर आठवड्याला बसणार असाल तर हादरे कमी असणं ही लहान गोष्ट नाहीये. इंजिन कुठलंही असो, त्याला ऑईल फिल्टर आहे ना आणि पंपाने दाबाखाली ऑईल फिरतं ना, एवढं विचारा. नुसतं शिंतोडे उडवून ऑईल पोचवणारी साधी इंजिनंही चालतात, पण तास वाढत गेले की फरक कळतो.

आता डेकची रुंदी. इथे एक हिशोब करून बघा म्हणजे दुकानदाराचं अर्धं बोलणं आपोआप बंद होईल. ४२ इंच म्हणजे १.०७ मीटर. ताशी ६ किलोमीटरने गेलात तर तासाला ६४०० चौरस मीटर, म्हणजे दीड एकराच्या थोडं वर. पण प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो, वळावं लागतं, झाडाला वळसा घालावा लागतो, म्हणून त्यातला पाव भाग तरी वजा करा. उरतात साधारण १.२ एकर. ४८ इंचाने तोच हिशोब १.४ एकराच्या आसपास येतो. म्हणजे तुमच्या दोन एकराला सहा इंच जास्त रुंदीने फरक पडतो तो दहा-पंधरा मिनिटांचा! त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी जास्त पैसे मोजायचे की नाही हे तुम्ही ठरवा, पण त्याचबरोबर हेही बघा की रुंद डेक उंचसखल जमिनीवर उंचवट्याची माती खरवडतो, जवळजवळ असलेल्या दोन झाडांमधून जात नाही, आणि फाटकातून काढताना बाजूचा चुट म्हणजे गवत बाहेर फेकायचं ते तोंड अंदाजे फूटभर बाहेर आलेलं असतं. ४२ इंची डेक ४२ इंची फाटकातून जाईल असं धरून चालू नका, टेप घेऊन जा.

आता मुख्य गोष्टीवर येतो, ज्याबद्दल माहितीपत्रकात एक ओळ असते आणि ज्याने तुमचं आधीचं मशीन गेलं. ट्रान्समिशन. इंजिनची ताकद मागच्या चाकांपर्यंत कशी जाते याचे ढोबळ तीन प्रकार. साधे गिअर, ज्यात थांबून गिअर बदलायचा. दुसरा बेल्टवर चालणारा, पुलीचा व्यास कमीजास्त करून वेग बदलणारा, याला कागदावर नुसतं 'ऑटोमॅटिक' लिहिलेलं असतं आणि लोक हायड्रोस्टॅटिक समजून घेऊन येतात. आणि तिसरा खरा हायड्रोस्टॅटिक, ज्यात एक पंप ऑईल दाबतो आणि त्या दाबाने मोटर फिरते, पेडल जितकं दाबाल तितका वेग, उलट दाबलं की रिव्हर्स. झाडांमधून कापताना दर दोन मिनिटांनी पुढेमागे करावं लागतं म्हणून तुम्हाला हायड्रोच हवा, यात मला शंका नाही.

पण हायड्रो-हायड्रोत फरक आहे, आणि खरी तुलना इथे करायची. ट्रॅक्टर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या हा ट्रान्समिशनचा डबा स्वतः बनवत नाहीत. टफ टॉर्क आणि हायड्रो-गिअर ही दोन नावं तुम्हाला हिरव्या, नारिंगी, पिवळ्या सगळ्या रंगांच्या मशीनखाली सापडतील, जशी इंजिनवर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर नाहीतर कावासाकी ही नावं सापडतात. म्हणजे रंग वेगळे आणि पोटात तेच. शोरूममध्ये खरंच खाली वाकून मागच्या चाकांच्या मधे बघा, डब्यावर लेबल असतं, त्याचा मोबाईलवर फोटो काढा. टफ टॉर्कचा के४६ लिहिलेला दिसला तर समजा की हा हलक्या कामाचा, सपाट जागेवर गवत कापायचा डबा आहे. २० इंची मागच्या टायरपर्यंतच तो वापरायचा असतो आणि ऑईल बदलायला त्याला खाली ड्रेन प्लगसुद्धा नाही, डबा खोलून बाहेर काढावा लागतो. वाईट नाहीये तो, सपाट एकरभर जागेला वर्षानुवर्षं चालतो, पण उतारावर आणि मागे भरलेली ट्रॉली ओढून त्याच्याकडून काम करून घ्यायचं म्हटलं की तापतो. तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या मशीनखाली एकच डबा निघाला, असं अगदी होऊ शकतं, तर मग दुसऱ्याचे जास्तीचे पैसे फक्त इंजिन आणि पत्र्यासाठी जातायत हे लक्षात घ्या.

पत्र्यावरून आठवलं, डेक दोन तऱ्हेचे. एक साच्यात दाबून काढलेला, एका पत्र्याचा. दुसरा जाड प्लेटा कापून वेल्डिंग केलेला. जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिथे गंमत अशी की आकडा लहान तेवढा पत्रा जाड. १३ गेज म्हणजे सव्वादोन-अडीच मिलिमीटर, १० गेज म्हणजे साडेतीनच्या जवळ. दगडगोटे, झाडांची मुळं नसतील तर दाबून काढलेला डेक पुरतो आणि खरं सांगायचं तर त्याचा गोलसर आकार गवत चांगलं उचलतो, म्हणून जाड म्हणजे चांगलं असं सरसकट म्हणू नका. त्यापेक्षा ब्लेड ज्यावर फिरतात ते स्पिंडल हाताने हलवून बघा आणि त्यांना ग्रीस भरायला निपल आहे का ते बघा. पुढचा ॲक्सल पण तसाच, बिडाचा की पत्र्याचा, ग्रीसला जागा आहे की नाही.

आणि आता मेहुणा. झिरो-टर्न मोकळ्या जागेत खरंच वेळ वाचवतो, झाडाभोवती जागच्या जागी फिरतो, त्याचं म्हणणं चूक नाही. पण तुम्ही पत्रात 'एका बाजूला उतार' लिहिलंय आणि माझ्या मते तिथेच त्याचा विषय संपतो. का ते खाली वेगळ्या प्रश्नात लिहिलंय. मी तुमच्या जागी असतो तर ४२ किंवा ४६ इंची, त्यातल्या त्यात वरच्या दर्जाच्या हायड्रोचा लॉन ट्रॅक्टर घेतला असता आणि रुंदीचे वाचलेले पैसे ट्रान्समिशनमध्ये घातले असते.

प्रश्न: एकाच कंपनीचा, एकाच रंगाचा ट्रॅक्टर मोठ्या दुकानात स्वस्त आणि डीलरकडे बराच महाग. लोक म्हणतात दुकानातला माल हलका असतो. खरं का?

अर्धं खरं. मॉडेल नंबर अक्षरन् अक्षर तोच असेल तर मशीन तेच, दुकान कुठलंही असो. फरक असतो तो सिरीजचा आणि लोक रंग बघून दोन वेगळ्या सिरीजची तुलना करतात. जॉन डिअरचं उदाहरण घ्या, कारण त्याबद्दलच सगळ्यात जास्त पत्रं आहेत. त्यांची १०० सिरीज दुकानातही मिळते आणि डीलरकडेही, एक्स३००, एक्स५००, एक्स७०० या वरच्या सिरीज डीलरकडे. दोन्ही हिरव्यापिवळ्या, लांबून बघितलं तर भाऊभाऊ. आता कंपनीची अमेरिकेतली वॉरंटी बघा. १०० सिरीजला २ वर्षं किंवा १२० तास, जे आधी होईल ते. एक्स३०० ला ४ वर्षं किंवा ३०० तास, एक्स५०० ला ४ वर्षं ५०० तास, एक्स७०० ला ४ वर्षं ७०० तास. मशीन किती तास टिकावं म्हणून बनवलंय हे कंपनीने स्वतःच आकड्यात लिहून दिलंय की, यापेक्षा स्पष्ट काय हवं. दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं मशीन बघताना हाच प्रश्न विचारा, नुसती वर्षं ऐकून घेऊ नका, तासांची अट आहे का, आणि घरगुती वापरालाच आहे का. पैसे घेऊन दुसऱ्यांचं गवत कापून देणार असाल तर घरगुती वॉरंटी बहुतेक चालत नाही.

तुमचं गवत किती तासांचं आहे हे पण काढा. दोन एकराला आठवड्याला पावणेदोन तास, वर्षातले सहा महिने, म्हणजे ४५ तासांच्या आसपास. अशा घराला १२० तास संपायच्या आधी दोन वर्षं संपतात. चार-पाच एकरवाल्याचे तास आधी संपतील, त्याने दुकानातल्या स्वस्त सिरीजकडे न बघितलेलं बरं.

ब्रँडच्या नावावर जीव लावणाऱ्यांसाठी एक सांगतो. कब कॅडेट हे नाव १९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने आणलं, १९८१ मध्ये ते एमटीडीकडे गेलं आणि २०२१ च्या शेवटी अख्खी एमटीडीच स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने घेतली. क्राफ्ट्समन हे नाव पण त्यांनी २०१७ मध्ये सिअर्सकडून घेतलेलं. तेव्हा 'आमच्या वडिलांकडे हाच होता, तीस वर्षं चालला' हे कितीही खरं असलं तरी आज दुकानात उभ्या असलेल्या मशीनबद्दल ते काही सांगत नाही. डीलरचे जास्तीचे पैसे मी एकाच गोष्टीसाठी देईन, त्याच्याकडे वर्कशॉप असेल आणि बेल्ट, ब्लेड, स्पिंडल हे शेल्फवर ठेवलेले असतील तर. आधी जाऊन काउंटरवर तुमच्या मॉडेलचा डेकचा बेल्ट मागा. आहे म्हणाला तर ठीक, 'मागवून देतो' म्हणाला तर सीझनच्या मधे तुम्ही काय करणार याचा विचार करा.

प्रश्न: जुना हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर सुरुवातीला छान चालतो, अर्ध्या तासाने चढावर रांगायला लागतो, थंड झाला की परत ठीक. नवीन घ्यायची वेळ आली का?

कदाचित. पण आधी फुकटातल्या गोष्टी बघा, कारण असे ट्रॅक्टर भंगारात घालून नवीन घेणारे खूप भेटतात. इंजिनकडून डब्याकडे येणारा बेल्ट गुळगुळीत होऊन घसरत असेल तर अगदी हेच दिसतं. डब्यावर छोटा पंखा आणि गार व्हायला खाचा असतात, त्यात वाळकं गवत आणि धूळ घट्ट बसलेली असते, ती साफ करा. आणि मशीन ढकलून नेण्यासाठी मागे एक दांडी असते, ती ओढली की हायड्रो सुटा होतो. ती दांडी अर्धवट ओढलेली राहिली तर ताकद निम्मी होते आणि माणूस डॉक्टर शोधत फिरतो.

हे सगळं ठीक असूनही गरम झाल्यावरच जोर जातो तर आतलं ऑईल पातळ झालंय किंवा पंप झिजलाय, झिजलेल्या जागेतून गरम पातळ ऑईल निसटतं आणि दाब टिकत नाही. काही डब्यांचं ऑईल बदलून, हवा काढून, अजून काही सीझन मिळतात. तेवढ्यासाठी डबा बाहेर काढावा लागणार असेल तर मजुरी विचारून मग ठरवा. आणि नवीन घ्याल तेव्हा पहिल्या उत्तरात लिहिलंय तसं एक पायरी वरचा डबा घ्या, नाहीतर हाच प्रश्न काही वर्षांनी परत पाठवाल.

प्रश्न: तळ्याकडे उतरणारी जागा आहे. झिरो-टर्नवाला विक्रेता म्हणतो आरामात चालतं, सगळे चालवतात. घेऊ का?

नका घेऊ. निदान त्या जागेसाठी तरी नाही.

झिरो-टर्नमध्ये स्टिअरिंग, ब्रेक आणि पुढे जाणं हे तिन्ही मागच्या दोन चाकांकडेच असतं. पुढची चाकं नुसती सामानाच्या ट्रॉलीसारखी गरगर फिरणारी, त्यांना स्वतःची दिशा नाही. म्हणजे उतारावर ओल्या गवतात मागची चाकं एकदा घसरली की तुम्ही वळवूही शकत नाही आणि थांबवूही शकत नाही, मशीन खाली जातं ते जातंच, आणि खाली तुमच्याकडे पाणी आहे. स्टिअरिंग व्हील असलेलेही काही झिरो-टर्न मिळतात ज्यात पुढची चाकंही वळतात, ते उतारावर जरा बरे. पण बरे म्हणजे सुरक्षित असं नाही.

उताराचा साधारण नियम १५ अंशांचा, बहुतेक मॅन्युअलमध्ये हाच आकडा सापडेल, काही मशीनना त्याहून कमी सांगितलेला असतो. डोळ्याने १५ अंश कळत नाहीत, सगळ्यांना आपला उतार कमीच वाटतो. दोन मीटरची सरळ पट्टी घ्या, एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, लेव्हल लावून पट्टी आडवी सरळ धरा आणि दुसऱ्या टोकाखाली जमीन किती खोल आहे मोजा. ५३ सेंटिमीटर म्हणजे १५ अंश, ३५ म्हणजे १०. पंधराच्या वर असेल तिथे बसून चालवायचं कुठलंच मशीन नको. लॉन ट्रॅक्टर उतारावर सरळ वर-खाली चालवायचा, आडवा नाही. हातात धरून ढकलायचं मशीन मात्र बरोबर उलट, आडवं चालवायचं, नाहीतर पाय घसरून खाली जातो. रोल बार, म्हणजे मशीन उलटलं तर वाचवणारी सीटमागची कमान, असेल तर तो वर उभा करून सीटचा पट्टा बांधायचा, बार पाडलेला असेल किंवा नसेलच तर पट्टा बांधायचा नाही. पाण्याच्या काठाचा शेवटचा पट्टा हातमशीनने कापा, तिथे चाक नेऊच नका.

प्रश्न: बॅटरीवर चालणारा घ्यावा का? आवाज नाही, ऑईल नाही, मोह होतोय.

मोह बरोबर आहे. एक-दीड एकर, सपाट, दर आठवड्याला कापता, तर मी सुद्धा बॅटरीचाच बघेन. ब्लेडना स्वतंत्र मोटर असलेल्या मशीनमध्ये डेकचा बेल्टही नसतो, इंजिन ऑईल, फिल्टर, प्लग यातलं काहीच नाही, आणि सकाळी लवकर कापलं तरी शेजारी भांडायला येत नाहीत.

तुलना करताना 'एका चार्जमध्ये इतके एकर' हे वाक्य बाजूला ठेवा, ते कोरड्या, विरळ, सपाट गवतावरचं असतं. व्होल्ट आणि अँपिअर-अवरचा गुणाकार करा. ४८ व्होल्ट गुणिले ७५ म्हणजे ३६०० वॉट-अवर, म्हणजे ३.६ युनिट. सगळ्या मशीनचे आकडे असे काढून शेजारी शेजारी लिहा, मग व्होल्टच्या मोठ्या आकड्याने कोणी फसवू शकत नाही. दुसरं, लेड-ॲसिड की लिथियम. लेड-ॲसिड स्वस्त पण जड, पूर्ण रिकामी केली की आयुष्य घटतं म्हणून छापलेल्यातलं सगळं वापरता येत नाही, आणि सीझन संपल्यावर चार्ज न करता ठेवून दिली की पुढच्या वर्षी गेलेली असते. लिथियम महाग, हलकी, जास्त वेळा चार्ज होते. तिसरं आणि विक्रेत्याला नको असलेलं, नवीन बॅटरी पॅक केवढ्याला मिळतो? हा आकडा मशीन घ्यायच्या आधी कागदावर लिहून घ्या.

गवत वाढू देऊन पंधरा-वीस दिवसांनी एकदम कापायची सवय असेल तर बॅटरी विसरा. मधेच संपते.

प्रश्न: कापलेलं गवत गोळा करायचं की तिथेच टाकायचं, त्यावरून मशीन बदलतं का?

हो, बदलतं. बाजूला फेकणारा डेक सगळ्यात सोपा आणि दाट गवतात सगळ्यात कमी अडणारा. मल्चिंग म्हणजे तोंड बंद करून गवत आतल्या आत बारीक करून खाली सोडायचं, जमिनीला उत्तम, पण दर वेळी गवताच्या पात्याचा वरचा एक तृतीयांशच कापायचा हा नियम पाळलात तरच, नाहीतर ढेकळं पडतात. गोळा करायचं असेल तर बाजूच्या तोंडाला पाईप लावून मागे पिशव्या लावतात, तो पाईप ओल्या गवतात तुंबतो आणि दर दहा मिनिटांनी खाली उतरून काठी घालावी लागते, वैताग येतो. युरोपात चालतात ते मागे गोळा करणारे ट्रॅक्टर वेगळ्या रचनेचे, दोन ब्लेड उलटसुलट फिरतात आणि गवत मधल्या रुंद बोगद्यातून सरळ मागच्या पेटीत जातं. गोळाच करायचं असेल तर असलाच घ्या, नंतर जोडून घेऊ म्हणू नका.

प्रश्न: नातवाला मांडीवर घेऊन चालवलं तर चालतं ना? खूप हट्ट करतो. स्पीड अगदी कमी ठेवतो.

नाही. मांडीवर नाही, मागच्या ट्रॉलीत नाही, आणि मशीन चालू असताना अंगणातसुद्धा नाही. ब्लेडच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो, म्हणजे ताशी जवळपास ३५० किलोमीटर, तुम्ही चाकांचा स्पीड कमी ठेवलात तरी ब्लेड त्याच वेगाने फिरतं. बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन संघटना सांगते की १६ वर्षांखालच्या मुलाने बसून चालवायचं मशीन चालवूच नये. मुलांचे बरेच अपघात रिव्हर्स घेताना होतात, म्हणून रिव्हर्सला ब्लेड आपोआप बंद करणारी सोय असते. ती आणि सीटखालचं स्विच, उठलं की ब्लेड बंद होतं ते, शोरूममध्ये चालवून बघा. आणि ही स्विचं वायर जोडून कायमची बंद करून देणारा मेकॅनिक भेटला तर त्याच्याकडे परत जाऊ नका.

प्रश्न: मशीन घेतलं, उद्या घरी येतंय. पहिल्या काही दिवसांत काय करू?

अभिनंदन! पेट्रोलपासून सुरू करा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल, त्याच्यावर नाही असं लिहिलेलं असतं, तुमच्या पंपावर किती टक्के मिळतं ते वाचा. सीझन संपताना टाकीत पेट्रोल तसंच ठेवू नका, स्टॅबिलायझर म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव टाकून थोडा वेळ इंजिन चालवा किंवा टाकी रिकामी करा, दर वर्षी सर्व्हिसला येणाऱ्या निम्म्या तक्रारी जुन्या पेट्रोलने तुंबलेल्या कार्ब्युरेटरच्या असतात असं कुठलाही मेकॅनिक सांगेल. इंजिन ऑईल पहिल्यांदा लवकर बदलायला सांगितलं असेल तर तसंच बदला, नंतर इंजिनाप्रमाणे ५० किंवा १०० तासांनी, नाहीतर वर्षातून एकदा. ब्लेडला २५ तासांनी धार. बोथट ब्लेड गवत कापत नाही, फाडतं, आणि दोन दिवसांनी शेंडे पांढुरके दिसायला लागतात.

डेक लेव्हल केलेला येतो असं म्हणतात, तरी तुम्ही सपाट फरशीवर मोजा. डावी-उजवी बाजू सारखी हवी आणि ब्लेडचं पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली. डेकच्या कडेची छोटी चाकं जमिनीवर टेकलेली नकोत, बोटभर वरच राहू द्या, ती वजन पेलायला नसून उंचवट्यावर खरवडू नये म्हणून असतात. आणि हे मोजायच्या आधी टायरची हवा बघा, कारण नवीन मशीनच्या टायरमध्ये कधी कधी भरपूर जास्त हवा भरून पाठवलेली असते, एका बाजूला कमी एका बाजूला जास्त असली तर डेक तिरका दिसतो आणि लोक स्पॅनर घेऊन डेकच्या मागे लागतात. साधारण पुढे १४ आणि मागे १० पीएसआय असतं, नक्की आकडा टायरवर किंवा मॅन्युअलमध्ये.